राखीव क्वार्टरबॅकची किंमत: शंभर डॉलर आणि एक अपराजित हंगाम

(व्याख्यानाचे शब्दांकन, किरकोळ संपादनासह)

आजचा विषय जाहीर झाला तेव्हाच एक प्रश्न येणार हे आम्हाला माहीत होतं: इतिहासाच्या व्याख्यानात अमेरिकन फुटबॉल कशाला? उत्तर सोपं आहे. राज्य असो, कारखाना असो की नाटक मंडळी असो, मुख्य माणूस अचानक आडवा झाला तर पुढे काय, हा इतिहासातला फार जुना प्रश्न. पण बहुतेक ठिकाणी त्याची नोंद धूसर असते. कोणी काय तयारी केली होती, ती कधी केली, तिला किती पैसे लागले, हे नीट सापडत नाही. खेळात मात्र तारीख, वार, गुण, सगळं लिहिलेलं असतं. म्हणून आज हा प्रश्न घेऊन आपण मैदानावर जाऊ.

आधी खेळाची थोडी ओळख करून घेऊ. इथे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन, एकमेकांना आडवं पाडत पुढे सरकायचा हा अमेरिकन खेळ. मैदानावर प्रत्येक संघाचे अकरा जण. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. आणि जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात एकाच माणसाच्या हातात चेंडू येऊन होते. तो क्वार्टरबॅक. चेंडू धावणाऱ्याकडे द्यायचा, लांब फेकायचा की स्वतःच पळायचं, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो, तेही समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येत असताना. क्रिकेटमध्ये कर्णधार बाद झाला तरी दहा जण उरतात. इथे क्वार्टरबॅक पडला की संघाची भाषाच हरवते.

आता राखीव क्वार्टरबॅकचं आयुष्य बघा. सराव आठवडाभर चालतो, पण त्यातले बहुतेक डाव मुख्य क्वार्टरबॅकच खेळतो, कारण रविवारी खेळायचं त्यालाच आहे. राखीव माणूस काय करतो? येत्या सामन्यातल्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून आपल्याच बचावफळीला सराव देतो. रविवारी कडेला उभा राहतो, कागद धरतो, खुणा करतो. असं महिनोन्महिने. आणि मग एके दिवशी, कसलीही सूचना न देता, सत्तर-ऐंशी हजार लोकांसमोर त्याला सांगितलं जातं: जा.

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, 'राखीव' आणि 'बदली'. वर्तमानपत्रं ते एकाच अर्थाने वापरतात. पण गिरणगावात ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या घरात 'बदली' शब्दाला वेगळं वजन आहे: सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत जायचं, नाहीतर घरी परत. राखीव हे संघाच्या बाजूने पाहिलेलं नाव, बदली हे त्या माणसाच्या बाजूने पाहिलेलं. आज आपण दोन्ही बाजू पाहणार आहोत, आणि त्यासाठी ज्याचं आयुष्य सगळ्यात जास्त शिकवतं असा एक माणूस निवडला आहे. त्याचं नाव अर्ल मोरॉल.

मोरॉलचा जन्म १९३४चा, मिशिगन राज्यातला. १९५६ साली व्यावसायिक संघांनी महाविद्यालयीन खेळाडूंची निवड केली, त्यात त्याचा क्रमांक दुसरा. म्हणजे सुरुवात राखीव म्हणून झालेलीच नव्हती. पण सॅन फ्रान्सिस्को, पिट्सबर्ग, डेट्रॉइट, न्यूयॉर्क असा त्याचा प्रवास झाला, आणि प्रत्येक ठिकाणी कधी मुख्य, कधी राखीव. १९६७ साली न्यूयॉर्कच्या संघात फ्रॅन टार्केंटन आला आणि मोरॉल बाकावर बसला. १९६८च्या हंगामाआधी बाल्टिमोर कोल्ट्सने त्याला घेतलं ते जॉनी युनायटसच्या मागे उभं राहायला. युनायटस म्हणजे त्या काळातलं सगळ्यात मोठं नाव. त्याच्या मागे उभा राहिलेल्याला खेळायला मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवत नसे.

आणि हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, सरावाच्या शेवटच्या सामन्यात युनायटसचा कोपर दुखावला. चौतीस वर्षांचा मोरॉल मैदानात आला. कोल्ट्सने १४ पैकी १३ सामने जिंकले. त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक २६ टचडाउन पास त्याचे होते. लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. अंतिम फेरीआधीच्या सामन्यात क्लीव्हलंडला त्यांनी ३४-० असं हरवलं.

इथे गोष्ट संपली असती तर ती परीकथा झाली असती. पण १२ जानेवारी १९६९ रोजी मायामीत तिसरा सुपर बोल झाला. समोर न्यूयॉर्क जेट्स. कोल्ट्स १८ गुणांनी जिंकतील असा पैजेच्या बाजाराचा अंदाज होता. पूर्वार्धाच्या अगदी शेवटी कोल्ट्सने एक हुलकावणी रचली. चेंडू धावणाऱ्याकडे गेला, त्याने तो परत मोरॉलकडे फेकला, बचावफळी फसली, आणि जिमी ऑर हा खेळाडू गोलरेषेजवळ एकटा उभा राहिला. हात हलवत होता. मोरॉलला तो दिसला नाही. त्याने चेंडू मैदानाच्या मध्यभागी फेकला आणि जेट्सच्या खेळाडूने तो झेलला. त्या दिवशी मोरॉलचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. उत्तरार्धात प्रशिक्षकाने त्याला बाहेर काढून दुखऱ्या हाताच्या युनायटसला आत पाठवलं. कोल्ट्सचा एकमेव टचडाउन युनायटसने आणला. निकाल १६-७. अमेरिकन फुटबॉलमधले जे सगळ्यात धक्कादायक निकाल मानले जातात, त्यांत हा अजूनही आहे.

वर्षभर तेरा सामने जिंकून दिले ते विसरलं गेलं, एक न दिसलेला हात लक्षात राहिला. मुख्य खेळाडू चुकला तर त्याचा दिवस वाईट होता असं म्हणतात. बदली माणूस चुकला तर म्हणतात, 'शेवटी बदलीच तो.' हा फरक लक्षात ठेवा.

दोन वर्षांनी, १७ जानेवारी १९७१ला, तेच मैदान, तोच संघ, पाचवा सुपर बोल. युनायटस दुसऱ्या सत्रात जखमी झाला. मोरॉल पुन्हा आत. या वेळी त्याने काही नेत्रदीपक केलं नाही. सामना चुकांनी भरलेला होता, दोन्ही बाजूंनी. पण त्याने संघ सावरून धरला, आणि शेवटच्या काही सेकंदांत जिम ओब्रायनच्या किकवर कोल्ट्सने डॅलसला १६-१३ असं हरवलं.

आता आपण आजच्या मुख्य प्रसंगाकडे येतो. १९६८ साली कोल्ट्सचा प्रशिक्षक होता डॉन शुला. मोरॉलला त्या सुपर बोलमध्ये बाहेर काढलं ते त्यानेच. १९७० साली शुला मायामी डॉल्फिन्सकडे गेला. जानेवारी १९७२मध्ये त्याचा नवा संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला आणि डॅलसकडून २४-३ असा हरला. त्याचा मुख्य क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी, वय सत्तावीस, उत्तम खेळाडू. त्याच सुमारास कोल्ट्सने मोरॉलला सोडून दिलं. वय अडतीसच्या घरात. अशा सोडलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाने घ्यायचं तर तेव्हा ठरलेली रक्कम भरावी लागे. ती होती शंभर डॉलर. शुलाने ती भरली.

का भरली, हे नीट समजून घेऊ. शुला भावनेने निर्णय घेणारा माणूस नव्हता. मोरॉलचा सगळ्यात वाईट दिवस त्याने कडेला उभं राहून पाहिला होता. पण त्याआधीचे तेरा विजयही त्यानेच पाहिले होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शुलाची पद्धत, त्याच्या खुणा, त्याचे शब्द मोरॉलला आधीपासून पाठ होते. नव्या माणसाला जे शिकायला वर्ष लागतं, ते मोरॉल येतानाच घेऊन आला होता. शुलाने शंभर डॉलरमध्ये एक हात विकत घेतला असं वाटेल, पण खरं तर त्याने वेळ विकत घेतला.

१५ ऑक्टोबर १९७२. हंगामातला पाचवा सामना, सॅन डिएगोविरुद्ध. डॉल्फिन्स चार सामने जिंकून आलेले. ग्रीसीवर दोन धिप्पाड बचावपटू कोसळले आणि त्याचा पाय मोडला, घोटा निखळला. मोरॉल आत आला. तो सामना डॉल्फिन्सने २४-१० असा जिंकला. नंतरचे नऊही साखळी सामने मोरॉलने सुरू केले आणि संघाने सगळे जिंकले. चौदापैकी चौदा. मग बाद फेरीत क्लीव्हलंडवर २०-१४ असा विजय.

यात मोरॉलचा वाटा किती? इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे सावध राहायला हवं. डॉल्फिन्सकडे लॅरी झोंका आणि मर्क्युरी मॉरिस असे दोन धावपटू होते, आणि त्या हंगामात दोघांनीही प्रत्येकी हजार यार्डांचा टप्पा गाठला. एका संघातल्या दोघांनी असं करण्याची ती पहिलीच वेळ. बचावफळी तर लीगमधली सर्वोत्तम. म्हणजे मोरॉलने एकट्याने डोंगर उचलला नाही. त्याच्याकडून डोंगर उचलण्याची अपेक्षाच नव्हती. आमच्या मते या गोष्टीचा गाभा इथे आहे. जो संघ एकाच माणसाच्या खांद्यावर उभा असतो, त्याला त्या माणसासारखाच दुसरा लागतो, आणि तसा दुसरा मिळत नाही. ज्या संघाने भार वाटून घेतलेला असतो, त्याला फक्त भरवशाचा माणूस लागतो. तो मिळू शकतो. कधीकधी शंभर डॉलरलाही.

आता शेवटचा पेच. ३१ डिसेंबर १९७२, पिट्सबर्ग, सुपर बोलच्या आधीचा सामना. मोरॉलनेच सुरुवात केली. मध्यंतराला बरोबरी, ७-७. ग्रीसीचा पाय तोपर्यंत बरा झाला होता. दुसऱ्या अर्धात शुलाने मोरॉलला थांबवलं आणि ग्रीसीला पाठवलं. डॉल्फिन्स २१-१७ असे जिंकले. दोन आठवड्यांनी, १४ जानेवारी १९७३ला, सुपर बोलची सुरुवात ग्रीसीने केली. त्याने पूर्ण सामन्यात फक्त अकरा पास फेकले. वॉशिंग्टन १४-७ असं हरलं. सतरापैकी सतरा. लीगच्या इतिहासात सुपर बोलसकट एकही सामना न हरलेला हा एकमेव हंगाम.

त्या सतरापैकी अकरा सामन्यांची सुरुवात मोरॉलने केली होती. सर्वांत मोठ्या दिवशी तो पुन्हा कागद धरून कडेला होता. चार वर्षांत दुसऱ्यांदा त्याच प्रशिक्षकाने त्याला बाहेर थांबवलं होतं. हे गोड लागलं असेल असं कोण म्हणेल? पण संघात फूट पडली नाही, दोन गट झाले नाहीत. शुलाला शंभर डॉलरमध्ये हेही मिळालं होतं: गरज पडल्यावर पुढे येणारा आणि गरज संपल्यावर मागे सरणारा माणूस. पुढे येणारे बरेच सापडतात, मागे सरणारे कमी.

सगळ्याच गोष्टी अशा जागा परत देण्याने संपत नाहीत, हेही सांगायला हवं. २००१ साली न्यू इंग्लंडचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला आणि २००० साली १९९व्या क्रमांकावर निवडलेला एक पोरगा आत आला. टॉम ब्रेडी. ब्लेडसो बरा होऊन परतला, पण जागा परत मिळाली नाही. आणि गंमत बघा, त्याच हंगामात सुपर बोलच्या आधीच्या सामन्यात ब्रेडीचा घोटा दुखावला, तेव्हा बाकावरून उठून टचडाउन पास फेकला तो ब्लेडसोनेच. राखीव मुख्य झाला होता, मुख्य राखीव झाला होता, आणि संघाला दोघेही लागले.

शिवाय कोण राखीव ठरतो, हे निव्वळ गुणवत्तेवर ठरत आलेलं नाही. डग विल्यम्सचं उदाहरण घ्या. कृष्णवर्णीय माणूस क्वार्टरबॅकचं डोक्याचं काम करू शकणार नाही, असा समज त्या लीगमध्ये दशकानुदशकं होता. विल्यम्सने टॅम्पा बेच्या दुबळ्या संघाला तीनदा बाद फेरीत नेलं, तरी त्याला इतर संघांच्या अनेक राखीव क्वार्टरबॅकपेक्षा कमी पगार होता. तो ते सोडून गेला. १९८७चा हंगाम सुरू झाला तेव्हा तो वॉशिंग्टनमध्ये जे श्रोडरच्या मागे बाकावर होता. हंगामाच्या अखेरीला त्याला संधी मिळाली, आणि ३१ जानेवारी १९८८च्या सुपर बोलमध्ये ०-१० अशा पिछाडीवरून त्याने एका सत्रात चार टचडाउन पास फेकले. निकाल ४२-१०. सुपर बोल सुरू करणारा आणि जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. तेव्हा बाकावरचा माणूस दिसला की आपण विचारायला हवं, हा इथे का बसला आहे? कधीकधी उत्तर त्याच्यात नसतं, बसवणाऱ्यात असतं.

आता उलट बाजू. तयारी नसेल तर काय होतं? १९९८ ते २०१० पेटन मॅनिंगने इंडियानापोलिस कोल्ट्ससाठी एकही साखळी सामना चुकवला नाही. सलग २०८ सामने. सरावातले जवळजवळ सगळे डावही तोच खेळायचा. संघाची रचना, खुणा, वेग, सगळं त्याच्या डोक्याभोवती बेतलेलं. २०११ साली मानेच्या शस्त्रक्रियेमुळे तो पूर्ण हंगाम बाहेर राहिला. संघाने घाईघाईने निवृत्त झालेल्या केरी कॉलिन्सला बोलावलं. पहिला सामना ३४-७ असा हरला, आणि पहिले तेरा सामने सलग हरले. आदल्या वर्षी १० विजय आणि ६ पराभव, या वर्षी २ आणि १४. एका माणसाच्या मानेवर किती वजन होतं ते त्या वर्षी सगळ्यांना कळलं.

या दोन टोकांच्या मधे एक परंपरा आहे, आणि ती आम्हाला फार मोलाची वाटते. १४ नोव्हेंबर १९९३ला शुलाने कारकिर्दीतला ३२५वा विजय मिळवून जॉर्ज हॅलसचा विक्रम मोडला. त्या दिवशी त्याचा मुख्य क्वार्टरबॅक डॅन मरिनो आधीच जखमी होता, दुसरा सामन्यात जखमी झाला, आणि सामना तडीस नेला तो तिसऱ्याने. त्याचं नाव डग पीडरसन. समोरचा संघ होता फिलाडेल्फिया ईगल्स. त्याच वर्षी ३ जानेवारीला बफेलोचा राखीव क्वार्टरबॅक फ्रँक राइक ३-३५ अशा पिछाडीवरून संघाला ४१-३८ असं जिंकवून देत होता, कारण मुख्य खेळाडू जिम केली जखमी होता. पुढच्या आठवड्यात अजून एक सामना जिंकून राइकने जागा केलीला परत दिली. आणि या केलीला महाविद्यालयात असताना शिकवणाऱ्यांमध्ये कोण होतं? निवृत्त झालेला अर्ल मोरॉल.

आता २०१७ साली या. फिलाडेल्फियाचा मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन. आक्रमणाचा समन्वयक फ्रँक राइक. दोघेही आयुष्यभर बाकावर बसलेले. १० डिसेंबरला त्यांचा तरुण क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. राखीव होता निक फोल्स, ज्याने २०१६ साली खेळ सोडायचा विचार केला होता. फोल्सचे पहिले काही सामने डळमळीतच गेले. तेव्हा या दोन जुन्या बदली खेळाडूंनी फोल्सला वेंट्झ बनवायचा हट्ट धरला नाही. त्याला जमतं, त्याला आवडतं ते काढून त्यावर डाव बेतले. ४ फेब्रुवारी २०१८ला ईगल्सने ब्रेडीच्या संघाला ४१-३३ असं हरवून आपला पहिला सुपर बोल जिंकला. फोल्सने ३७३ यार्ड फेकले आणि एक टचडाउन चक्क स्वतः झेलला. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच. बाकावरून काय दिसतं आणि अचानक बोलावलं तर आधी काय लागतं, हे त्या प्रशिक्षकांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

आम्ही निवडलेल्या बऱ्याचशा गोष्टी यशाच्या आहेत, हे मान्य करायला हवं. ज्या राखीव खेळाडूंचे हंगाम निमूटपणे बुडाले त्यांच्यावर कोणी व्याख्यान देत नाही. म्हणून 'राखीव माणूस हमखास वाचवतो' असा निष्कर्ष कोणी काढू नये. निष्कर्ष एवढाच की तयारीची किंमत संकटाआधी मोजावी लागते, आणि तेव्हा ती वायफळ खर्चासारखी दिसते. लीगलाही हे उशिरा कळलं. २९ जानेवारी २०२३ला फिलाडेल्फियातल्या मोठ्या सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रॉक पर्डीचा कोपर गेला, त्याच्या जागी आलेल्या जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार लागला, आणि ज्याला चेंडू धड फेकताही येत नव्हता त्या पर्डीलाच परत यावं लागलं. ३१-७ असा पराभव झाला. त्याच वर्षी मे महिन्यात लीगने नियम केला: सामन्याच्या दिवशी ठरलेल्या खेळाडूंव्यतिरिक्त एक तिसरा क्वार्टरबॅक आणीबाणीसाठी ठेवता येईल. असाच नियम २०१०पर्यंत होता, तो मधे काढून टाकला होता. गरज पडत नाही म्हणून तरतूद काढायची आणि घर जळाल्यावर परत आणायची. इतिहासात हे आपण किती वेळा पाहिलं आहे!

शेवटी पुन्हा मोरॉलकडे जाऊ. तो १९७६पर्यंत खेळला, एकवीस हंगाम. २०१४ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी तो गेला. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूची तपासणी झाली आणि डोक्याला वारंवार बसलेल्या आघातांमुळे होणारा आजार त्यात सापडला, अगदी शेवटच्या, चौथ्या टप्प्याचा. बाकावर बसलेला माणूस मारापासून वाचतो असं आपण समजतो. मोरॉलची एकवीस वर्षं सांगतात की तो वाचत नाही; त्याचा मार फक्त मोजला जात नाही.

शंभर डॉलर ही त्याची जाहीर किंमत होती. अकरा सामने ही संघाला मिळालेली किंमत. आणि ही तिसरी, जी त्याने स्वतः भरली. राखीव माणसाचं मोल काढायचं तर या तिन्ही रकमा एकाच कागदावर लिहाव्या लागतील.

आता तुमचे प्रश्न घेऊ.